तीन डावी वळणे : बेसबॉलच्या कोड्यांचा मागोवा

एक माणूस घरातून निघतो. काही अंतर धावून डावीकडे वळतो, पुन्हा धावतो आणि पुन्हा डावीकडे वळतो. तिसऱ्यांदाही तसेच करून तो घराकडे परततो, तेव्हा दारात दोन मुखवटेधारी इसम त्याची वाट पाहत उभे असतात. ते कोण? अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या या कोड्याचे उत्तर एका शब्दात ‘बेसबॉल’ असे देता येते. नेमके द्यायचे तर ‘कॅचर आणि अंपायर’. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दरोड्याचे दृश्य उभे राहते. उत्तर कळले की त्याच दृश्याचे क्रीडांगण होते.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. बेसबॉलच्या मैदानात चार तळ असतात. नव्वद-नव्वद फुटांच्या बाजू असलेल्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ते मांडलेले असतात. फलंदाज ज्या तळापाशी उभा राहतो त्याला ‘होम’ म्हणतात. फटका मारून तो पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाकडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावतो आणि जेथून निघाला तेथेच परतला, तरच त्याच्या खात्यावर धाव जमा होते. होमच्या मागे चेंडू झेलणारा कॅचर बसतो, त्याच्या मागे पंच उभा असतो. दोघांच्याही तोंडावर जाळीदार मुखवटे असतात. मराठी वाचकाला हे ‘घर’ अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. सारीपाटावरील सोंगटीही अशीच पटाला फेरी घालून घरी जाते, आणि घरी पोहोचेपर्यंत तिचे काही खरे नसते.

लोकवाङ्मयाला बहुधा सन नसतो. परंतु कधीकधी त्यातील एखादी वस्तूच सन सांगून जाते. बेसबॉलच्या आरंभीच्या काळात कॅचर फलंदाजापासून बराच मागे, उघड्या तोंडाने उभा राहत असे. चेंडूफेकीचा वेग वाढत गेला तसा तो पुढे सरकला आणि त्याच्या दातांना व नाकाला धोका उत्पन्न झाला. हार्वर्ड विद्यापीठातील फ्रेडरिक थेअर याने तलवारबाजीच्या मुखवट्यात फेरफार करून आपल्या संघाचा कॅचर जेम्स टिंग याच्यासाठी एक जाळीदार मुखवटा सिद्ध केला. टिंगने तो १८७७ मध्ये वापरला आणि १८७८ मध्ये थेअरला त्याचे एकस्व मिळाले. म्हणजे दोन मुखवटेधाऱ्यांचे हे कोडे १८७७ पूर्वीचे असूच शकत नाही. पंचानेही मुखवटा चढवून कॅचरच्या मागची जागा कायमची घेतल्यानंतरच ते रचले गेले असणार. कोडे अनामिक असले तरी त्याच्या जन्माची एक सीमा अशी हाती लागते.

अमेरिकन लोकविद्येच्या अभ्यासकांनी अस्सल कोडे आणि नुसता गमतीचा प्रश्न यांत भेद केला आहे. आर्चर टेलर यांनी १९५१ साली मौखिक परंपरेतील इंग्रजी कोड्यांचा प्रचंड संग्रह सिद्ध केला. रॉबर्ट जॉर्जेस आणि अ‍ॅलन डंडीस यांनी १९६३ मध्ये कोड्याची संरचनात्मक व्याख्या मांडली. त्यांच्या मते, कोड्यात वर्णन असते, त्या वर्णनात बहुधा परस्परांना छेद देणारी दोन अंगे असतात आणि वर्णनाचा विषय ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो. मुखवटेधाऱ्यांचे कोडे या कसोटीला पुरेपूर उतरते. ‘घर’ आणि ‘मुखवटा’ यांच्यातील विरोध हाच त्याचा प्राण आहे. म्हणूनच ते मराठीत आणले तरी जिवंत राहते.

बेसबॉलच्या बहुसंख्य कोड्यांचे तसे नाही. सिंड्रेला बेसबॉलमध्ये इतकी कच्ची का, असे मुले विचारतात. उत्तर असे की, ती ‘बॉल’ पासून पळून जाते आणि तिचा ‘कोच’ भोपळा असतो. इंग्रजीत बॉल म्हणजे चेंडू आणि राजवाड्यातील नृत्यसमारंभही. कोच म्हणजे प्रशिक्षक आणि घोडागाडीही. केक आणि बेसबॉलचा संघ यांत साम्य कोणते? दोघांचेही यश चांगल्या ‘बॅटर’वर अवलंबून असते, कारण बॅटर म्हणजे फलंदाज, तसेच केकसाठी भिजवलेले पीठ. हे श्लेष भाषांतरात टिकत नाहीत, त्यांची केवळ टीप देता येते, आणि टीप दिलेला विनोद हा शवविच्छेदनासारखा असतो. मात्र या फुटकळ श्लेषांमधून एक गोष्ट ध्यानात येते. या खेळाची परिभाषा फार मोठ्या प्रमाणावर घरगुती आणि नैतिक शब्दांतून उचललेली आहे. चेंडू फेकणारा ‘पिचर’ म्हणजे पाण्याचा जगही. ‘प्लेट’ म्हणजे ताटली. धावपटू तळ ‘चोरतो’ आणि त्याबद्दल त्याची वाहवा होते. फलंदाज स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढे सरकवतो, त्याला ‘बलिदान’ म्हणतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला आपल्या भाषेतील एकच शब्द दोन घरी नांदतो याचा पहिला साक्षात्कार बहुधा अशाच प्रश्नांतून होतो. येल विद्यापीठाचे माजी अध्यक्ष आणि युरोपीय प्रबोधनकालीन साहित्याचे अभ्यासक ए. बार्टलेट जियामाटी १९८९ मध्ये बेसबॉलचे आयुक्त झाले आणि त्याच वर्षी निधन पावले. त्या चौथ्या तळाला ‘चौथा’ न म्हणता ‘घर’ का म्हणतात, या प्रश्नात त्यांना संपूर्ण प्रवासकाव्याची परंपरा दिसली होती. विद्वानाला महाकाव्यात जे दिसते ते मुलाला कोड्यात दिसते, इतकाच काय तो फरक.

श्लेषाचा हा खेळ प्रौढांच्या रंगभूमीवर कोणत्या थराला गेला हे पाहायचे तर बड अ‍ॅबट आणि लू कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या प्रसिद्ध प्रवेशाकडे वळावे लागते. अमेरिकन बर्लेस्क रंगमंचावर नावे आणि प्रश्नार्थक सर्वनामे यांच्या घोटाळ्यावर आधारलेले जुने प्रवेश होतेच. या जोडीने त्यांना बेसबॉलचे मैदान दिले. पहिल्या तळावरील खेळाडूचे नाव ‘कोण’, दुसऱ्यावरील ‘काय’, तिसऱ्यावरील ‘मला माहीत नाही’. एक जण संघाची माहिती सांगत राहतो, दुसरा प्रश्न विचारत राहतो. प्रत्येक उत्तर खरे असते आणि प्रत्येक उत्तर निरुपयोगी. मार्च १९३८ मध्ये केट स्मिथच्या आकाशवाणी कार्यक्रमातून हा प्रवेश देशभर पोहोचला, पुढे चित्रपटांतही आला, आणि १९५६ मध्ये त्याची सुवर्ण ध्वनिमुद्रिका कूपर्सटाउन येथील बेसबॉल कीर्तिमंदिरात ठेवण्यात आली. कोड्याच्या दृष्टीने हा प्रवेश म्हणजे उलटा केलेला उखाणा होय. येथे उत्तर आधीच दिलेले असते, फक्त ते उत्तर आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. जाता जाता एक बारकावा : मैदानावरील नऊ खेळाडूंपैकी उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाचे नाव या प्रवेशात येतच नाही. त्यावरून जाणकारांनी पुढे नवे कोडे तयार केले, ते वेगळेच.

आता जे कोडे पाहायचे ते वरकरणी निरुपद्रवी आहे. एका संघाने सामना जिंकला, पण त्याच्या एकाही पुरुषाने होमला पाय लावला नाही, हे कसे? उत्तर : तो स्त्रियांचा संघ होता. कोडे यशस्वी व्हायचे तर ऐकणाऱ्याच्या मनात ‘खेळाडू म्हणजे पुरुष’ हे समीकरण पक्के असले पाहिजे. ते समीकरण केव्हा पक्के झाले, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोड्याहून चमत्कारिक आहे.

‘बेसबॉल’ या शब्दाचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना छापील उल्लेख अमेरिकेतील नव्हे, तर लंडनमधील आहे आणि तोही मुलांच्या पुस्तकातील. जॉन न्यूबेरी याने १७४४ मध्ये काढलेल्या छोटेखानी पुस्तकात वर्णाक्षरांच्या क्रमाने खेळ दिले होते, प्रत्येक खेळावर चार ओळींचे पद्य आणि त्याखाली उपदेश. त्यांत बेसबॉल आहे. हे पुस्तक भेटवस्तूसह विकले जाई : मुलग्यांसाठी चेंडू, मुलींसाठी टाचण्या खोचण्याची उशी. प्रकाशकाच्या मनातील वाटणी स्पष्ट होती. प्रत्यक्षात मात्र मुली उशी घेऊन बसल्या नव्हत्या. विल्यम ब्रे या इंग्रज गृहस्थाच्या १७५५ मधील दैनंदिनीत ईस्टरच्या सोमवारी खेळलेल्या बेसबॉलची नोंद आहे. ही दैनंदिनी २००८ मध्ये अभ्यासकांसमोर आली. त्या दिवशीच्या खेळगड्यांत पुरुषांपेक्षा कुमारिकांचीच नावे अधिक आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘नॉर्दॅन्गर अ‍ॅबी’ या कादंबरीत जेन ऑस्टेनने आपल्या नायिकेला चौदाव्या वर्षी पुस्तकांपेक्षा क्रिकेट आणि बेसबॉल यांचीच अधिक आवड होती, असे दाखवले आहे. म्हणजे या खेळाच्या कागदोपत्री इतिहासाच्या उंबरठ्यावर मुली उभ्या आहेत.

मग त्या गेल्या कुठे? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत खेळाला क्लब, नियमावली, तिकीट आणि वेतन लाभले आणि तो पुरुषांचा व्यवसाय झाला. १९०५ मध्ये नेमलेल्या मिल्स आयोगाने १९०७ च्या अखेरीस निर्णय दिला की, अ‍ॅब्नर डबलडे याने १८३९ मध्ये कूपर्सटाउन या गावी बेसबॉल निर्माण केला. आधार काय, तर एका वृद्ध गृहस्थाची आठवण. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता, ही साधी गोष्टही आयोगाला आड आली नाही. राष्ट्रीय खेळाला इंग्रज मुलींच्या अंगणातील उगम शोभला नसता. यादवी युद्धातील सेनानी शोभत होता. या दंतकथेच्या पायावरच १९३९ मध्ये कूपर्सटाउनला कीर्तिमंदिर उभे राहिले.

तरीही कोड्याचे उत्तर अधूनमधून मैदानावर येतच राहिले. २ एप्रिल १९३१ रोजी चॅटनूगा येथील प्रदर्शनीय सामन्यात सतरा वर्षांच्या जॅकी मिचेल या मुलीने बेब रूथ आणि लू गेरिग या दोघांना लागोपाठ बाद केले. पुढे युद्धकाळात पुरुष खेळाडू सैन्यात गेले तेव्हा शिकागोचे उद्योगपती फिलिप रिगली यांनी १९४३ मध्ये मुलींची व्यावसायिक लीग सुरू केली. ती १९५४ पर्यंत चालली आणि तीत सहाशेहून अधिक स्त्रिया खेळल्या. त्यांना आखूड झगे घालून खेळावे लागे. शिवाय आरंभीच्या काळात चालण्याबोलण्याची रीत शिकवणारे वर्गही सक्तीचे होते. अकरा वर्षांहून अधिक काळ अमेरिकेच्या मध्य भागातील गावांत दर संध्याकाळी असे सामने होत होते, ज्यांत एकाही पुरुषाने होमला पाय लावला नव्हता. लीग बंद पडली, तिची आठवण पुसट झाली; कोडे मात्र टिकले, किंबहुना आठवण पुसट झाली म्हणूनच टिकले.

प्रौढांच्या कोड्यांचा प्रांत निराळा आहे. तेथे श्लेषाची जागा नियम घेतात. एका डावात चेंडू फेकणाऱ्याने चार फलंदाजांना ‘स्ट्राइक आउट’ केले, हे तिघांच्याच बाद होण्याने डाव संपत असताना कसे शक्य आहे? उत्तर नियमपुस्तकात आहे. तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून निसटला आणि पहिला तळ मोकळा असला, किंवा दोघे आधीच बाद झालेले असले, तर फलंदाजाला पहिल्या तळाकडे धावता येते. तो पोहोचला तर बाद ठरत नाही; परंतु चेंडू फेकणाऱ्याच्या नावावर स्ट्राइक आउट लागतोच. अशा प्रश्नांना मोठा वाचकवर्ग होता. हॅरी सिमन्स यांचे याच धर्तीचे सदर १९४९ पासून ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात बारा-एक वर्षे चालले. मैदानावरील एक गुंतागुंतीचा प्रसंग सांगायचा आणि वाचकाला पंचाच्या जागी उभे करायचे, ही त्याची रीत.

आणखी एक प्रकार म्हणजे ज्यांत कल्पनेला काहीच वाव नाही अशी कोडी. ती घटनांनीच घातलेली असतात. एका खेळाडूने एकाच दिवशी दोन शहरांत, दोन वेगवेगळ्या संघांकडून यशस्वी फटके कसे मारले? ४ ऑगस्ट १९८२ रोजी जोएल यंगब्लड दुपारी शिकागोत न्यूयॉर्क मेट्सकडून खेळला, सामना चालू असतानाच त्याची माँट्रिअल संघाकडे बदली झाली, आणि रात्री फिलाडेल्फियात त्याने नव्या संघासाठी फटका मारला. एकाही फलंदाजाला यशस्वी फटका मारू न देता चेंडू फेकणारा सामना कसा हरला? २३ एप्रिल १९६४ रोजी ह्यूस्टनच्या केन जॉन्सनच्या वाट्याला ते आले. क्षेत्ररक्षणातील चुकांनी सिनसिनाटीला एकमेव धाव दिली. एकाच फलंदाजासमोर चेंडू टाकून बेब रूथ निर्दोष सामन्याचा भागीदार कसा झाला? २३ जून १९१७ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या पहिल्या फलंदाजाला चार वाईट चेंडू टाकून तळ बहाल केला, त्यावरून पंचाशी हातघाईवर आला आणि हाकलला गेला. त्याच्या जागी आलेल्या अर्नी शोरच्या वेळी तो धावपटू तळ चोरताना बाद झाला आणि शोरने उरलेल्या सव्वीस जणांना ओळीने बाद केले.

शोरचा हा पराक्रम दीर्घकाळ ‘परिपूर्ण सामना’ म्हणून गणला जाई. १९९१ मध्ये एका समितीने व्याख्या आवळली आणि त्याचे नाव त्या यादीतून निघाले. त्याच निर्णयात पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सचेही नाव गेले. २६ मे १९५९ रोजी त्याने बारा डाव, म्हणजे छत्तीस फलंदाज, ओळीने बाद केले होते आणि तेराव्या डावात तो १-० असा हरला होता. जुन्या पुस्तकांत वाचलेली उत्तरे अशी रातोरात चुकीची ठरली. लोककोड्याचे उत्तर परंपरा ठरवते. नोंदींच्या कोड्याचे उत्तर समिती ठरवते.

उत्तर ठाऊक असणे हे खेळापुरतेच महत्त्वाचे असते असेही नाही. डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या जंगलात जर्मनांनी हल्ला चढवला तेव्हा ऑटो स्कॉर्झेनीच्या हाताखालील इंग्रजी बोलणारे जर्मन सैनिक अमेरिकन गणवेषात अमेरिकन फळीमागे शिरले. बातमी फुटताच नाक्यानाक्यावर पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न घालू लागले, कारण परवलीचा शब्द चोरता येतो, बालपण चोरता येत नाही, अशी त्यांची समजूत होती. जनरल ओमर ब्रॅडली यांना इलिनॉयची राजधानी विचारली गेली. ब्रिगेडियर जनरल ब्रूस क्लार्क हे त्या दिवसांत सेंट व्हिथ या मोक्याच्या गावाचे संरक्षण करीत होते. शिकागो कब्ज हा संघ अमेरिकन लीगमध्ये आहे असे ते बोलून गेले. तो नॅशनल लीगमध्ये होता. पहाऱ्यावरील सैनिकांनी जनरलला जर्मन हेर समजून अटकेत ठेवले. खरे हेर जे सापडले, ते गोळ्या घालून मारले गेले. तेव्हा या प्रश्नोत्तरांना हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती.

ज्या वर्षांत बेसबॉलचे उत्तर हा अमेरिकनत्वाचा पुरावा मानला जात होता, त्याच वर्षांत हे उत्तर झोपेतही देऊ शकणारी माणसे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात काटेरी तारांआड होती. केनिची झेनिमुरा हिरोशिमात जन्मला, हवाईत वाढला आणि कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे खेळाडू व संघटक म्हणून नावारूपाला आला. १९२७ मध्ये फ्रेस्नोला आलेल्या रूथ आणि गेरिग यांच्या बरोबर तो प्रदर्शनीय सामन्यात खेळला होता. फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्यांत झेनिमुराचे कुटुंब गिला रिव्हरच्या छावणीत आले. तेथे त्याने मुलांना हाताशी धरून जमीन सपाट केली, छावणीतील लाकूडफाटा जमवून बसण्याची सोय केली, सीमारेषेवर एरंडाची झाडे लावून कुंपण उभे केले आणि १९४३ मध्ये मैदान सुरू केले. घरातून निघायचे, तीन डावी वळणे घ्यायची आणि घरी परतायचे, एवढे तरी त्या चौकोनापुरते शक्य होते.

अमेरिकन बापांनी मुलांना सर्वाधिक वेळा घातलेल्या प्रश्नांपैकी एक म्हणजे : आजवरची सर्वोच्च फलंदाजी सरासरी कोणाची? टाय कॉब १९२८ मध्ये निवृत्त झाला आणि तेव्हापासून नव्वदहून अधिक वर्षे उत्तर एकच होते. कॉबच्या संपूर्ण कारकिर्दीत आणि पुढेही १५ एप्रिल १९४७ पर्यंत, म्हणजे जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरेपर्यंत, विसाव्या शतकातील प्रमुख लीगांत कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश नव्हता. ते खेळत होते, परंतु आपल्या स्वतंत्र निग्रो लीगांत. आणि त्यांच्या सामन्यांचे आकडे ‘पिट्सबर्ग कुरिअर’ आणि ‘शिकागो डिफेंडर’ यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांच्या रकान्यांत विखुरलेले होते. संशोधकांनी वर्षानुवर्षे ते रकाने चाळले. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगांना प्रमुख लीगांचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत सामील केले. कॉबची सरासरी ०.३६७, जॉश गिब्सन या कॅचरची ०.३७२. एका हंगामातील विक्रमही १८९४ पासून ह्यू डफीच्या नावावर होता, तो आता गिब्सनच्या १९४३ मधील ०.४६६ ला मिळाला. मुलांना शिकवलेले उत्तर बदलले. ज्याच्यामुळे बदलले तो २० जानेवारी १९४७ रोजी, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, पस्तिसाव्या वर्षी वारला होता.

पण या बदलानेही कोडे पुरते सुटलेले नाही. निग्रो लीगांचे अधिकृत हंगाम छोटे असत आणि गावोगाव फिरून खेळलेल्या असंख्य सामन्यांची या नोंदींत गणती नाही. गिब्सनने किती होम रन मारले, असे विचारले तर १९७२ मध्ये कीर्तिमंदिरात बसवलेला त्याचा कांस्यपट सांगतो, जवळजवळ आठशे. अधिकृत नोंदवही सांगते, दोनशेहूनही कमी.